आधी गजर वाजतो का ते बघा

मागच्या अंकात फोनच्या अपडेटविषयी प्रश्न मागवले आणि संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पुढ्यात आणून टाकला. निम्म्या पत्रांचा सूर 'अपडेट आलं आणि अमुक बिघडलं' असा, उरलेल्यांचा 'एवढं मोठं अपडेट, पण त्यात नवं काहीच नाही' असा. फोनचं सॉफ्टवेअर बाहेर पडण्याआधी ते तपासायच्या खात्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खायची सवय आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ताई, रात्री झोपताना फोन ठीक होता. सकाळी मुलीचा फोन आला, तर उचलायचं कसं तेच कळेना. आधी बोट वर सरकवायचे, आता आडवं सरकवायला सांगतोय. 'फेव्हरिट्स' आणि 'रीसेंट्स' एकाच पानावर येऊन बसलेत. मी अपडेटच्या बटणाला हातही लावला नव्हता. मग हे केलं कुणी? – एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, तुम्ही काहीही केलेलं नाही, आधी तो विचार मनातून काढून टाका. फोनमध्ये बदल तीन वाटांनी शिरतो. पहिली वाट सिस्टिम अपडेटची. ते बहुधा विचारून येतं, फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो, त्यामुळे काहीतरी झालं हे आपल्याला कळतं. दुसरी वाट ॲप स्टोअरची. ऑटो-अपडेट चालू असेल तर वायफाय मिळालं की ॲप गुपचूप बदलतात. तिसरी वाट बहुतेकांना माहीतच नसते. नवं रूप ॲपमध्ये आधीच येऊन झाकून बसलेलं असतं. कंपनी आपल्या सर्व्हरवरून कळ दाबते तेव्हा ते उघडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या 'फोन' ॲपचं नवं रूप बऱ्याच अँड्रॉइड फोनवर असंच आलं. रातोरात डायलर बदललेला पाहून कित्येकांना फोन हॅक झाल्याची शंका आली होती. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं.

उपाय आहे. 'फोन' ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'इनकमिंग कॉल जेश्चर' असा पर्याय शोधा आणि तिथे 'सिंगल टॅप' निवडा. मग सरकवायची भानगड नाही. उचलायचं आणि नाकारायचं अशी दोन स्वतंत्र बटणं दिसतील. अगदी जुनंच रूप हवं असेल तर ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'ॲप इन्फो' उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे ते दाबा. नाव दचकवणारं आहे, पण ॲप जात नाही. फोनसोबत आलेली मूळ आवृत्ती परत येते. मात्र मग प्ले स्टोअरमध्ये त्या एका ॲपचं ऑटो-अपडेटही बंद करावं लागेल, नाहीतर ये रे माझ्या मागल्या. आणि तसं ते कायम बंद ठेवू नये, कारण नव्या रूपासोबत दुरुस्त्याही येत असतात. मी तुमच्या जागी असते तर 'सिंगल टॅप'वर भागवलं असतं.

आता माझं मत. आमच्या कामात 'रिग्रेशन' नावाची एक तपासणी असते: काल जे चालत होतं ते आज चालतं का, एवढंच तिच्यात बघायचं. कंटाळवाणं काम, नव्या फीचरवर काम करणाऱ्यांना जो मान मिळतो तो इथे नाही. त्यात बटण दाबल्यावर फोन उचलला जातो का हे तपासतात. पण बटण कालच्याच जागी आहे का, हा प्रश्न यादीत नसतो. तो घालायचा आग्रह धरला की डिझाइनवाले म्हणायचे, 'आठवड्याभरात सवय होते लोकांना.' होते ना. पण त्या आठवड्यात मुलीचा फोन उचलता आला नाही, तर तो त्यांच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

प्रश्न : रात्रपाळीनंतर झोपते आणि गजरावर उठते. फोन म्हणतो, 'आज रात्री अपडेट इन्स्टॉल करू का?' त्यानंतर गजर वाजेल याची खात्री आहे का? आणि मध्येच काही अडलं तर फोन गेलाच का? – एक परिचारिका

उत्तर : या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न. फोन बंद होऊन सुरू झाला, पण तुम्ही अजून पिन टाकलेला नाही, अशी एक मधली अवस्था असते. त्या अवस्थेत तुमची बहुतेक माहिती कुलूपबंदच राहते. पूर्वी काही अँड्रॉइड फोनवर अख्खं स्टोरेज एकाच किल्लीने बंद असायचं. रात्री फोन आपोआप रीस्टार्ट झाला की पासवर्डच्या पडद्यावर येऊन थांबायचा आणि सकाळी ना गजर ना कॉल. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ मध्ये यावर 'डायरेक्ट बूट' नावाची सोय झाली. घड्याळासारख्या मोजक्या ॲपना पिनच्या आधीही जागं होता येतं आणि आपल्या वाट्याची थोडी माहिती वाचता येते. त्यामुळे फोनच्या स्वतःच्या घड्याळातला गजर वाजायला हवा.

पण तीन गोष्टी बघा. गजराचं ॲप तुम्ही वेगळं डाउनलोड केलेलं असेल, तर ही सोय त्यात केलेली असेलच असं नाही. सिमला पिन लावलेला असेल, तर तो टाकेपर्यंत कॉल येणार नाहीत. ड्युटीवरून तातडीचं बोलावणं येण्याची शक्यता असेल तर हे महत्त्वाचं. शिवाय पहिल्यांदा अनलॉक करेपर्यंत मेसेजची बरीच ॲप गप्प असतात, आणि कॉल आला तरी नावाऐवजी नुसता नंबर दिसू शकतो. म्हणून तुम्ही 'आज रात्री' म्हणू नका. सुटीच्या दिवशी, तुम्ही जाग्या असताना, चार्जरला लावून करा. झालं की लगेच दोन मिनिटांनंतरचा गजर लावून बघा. मग एक कॉल करून बघा आणि बँकेचं ॲप उघडून बघा. नवं काय आलंय ते नंतर सावकाश बघता येईल.

अडण्याबद्दल : अँड्रॉइड ७ पासूनच अनेक फोनमध्ये सिस्टिमसाठी दोन कप्पे असतात. तुम्ही एका कप्प्यावर काम करत असता आणि अपडेट दुसऱ्यात उतरत असतं. नव्या कप्प्यातून फोन नीट सुरू झाला नाही, तर तो आपणहून जुन्याकडे वळतो. फोन कायमचा आडवा होण्याचे प्रकार आता खूप कमी झालेत. तरीही बॅकअप घ्या, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

प्रश्न : अपडेट केल्यापासून बॅटरी दुपारीच मान टाकते आणि फोन रखडतो. नवा फोन विकत घ्यावा म्हणून कंपन्या हे मुद्दाम करतात, असं माझे मित्र छातीठोकपणे सांगतात. खरं काय? – एक वाहनचालक

उत्तर : मित्रांचं म्हणणं हवेतलं नाही. पण आधी साधी कारणं बघू. मोठ्या अपडेटनंतर पहिले दोनतीन दिवस फोन आतल्या आत राबत असतो. ॲप नव्या सिस्टिमसाठी पुन्हा तयार केली जातात, फोटोंमधले चेहरे आणि मजकूर नव्याने ओळखले जातात, शोधाची सूची पुन्हा बनते, आणि त्याच सुमारास ॲपचीही नवी अपडेट्स येऊन धडकतात. बॅटरी उतरणार, फोन गरम होणार. हे आपोआप निवतं. आठवडा उलटूनही तसंच असेल, तर सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर कुठलं ॲप सगळ्यात वर आहे ते बघा. बहुतेकदा नव्या सिस्टिमशी न जुळलेलं एखादं जुनं ॲपच गुन्हेगार निघतं.

आता संशयाकडे. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने आयओएसची, म्हणजे आयफोनच्या सिस्टिमची, १०.२.१ ही आवृत्ती दिली. लिथियमची बॅटरी जुनी झाली की एकदम जास्त वीज मागितल्यावर तिचा दाब कोसळतो आणि फोन अचानक बंद पडतो. हे टाळायला त्या अपडेटमध्ये जुन्या बॅटरीच्या आयफोन ६, ६एस आणि एसईचा वेग गरजेनुसार कमी करण्याची व्यवस्था केली होती. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य होतं, कारण अर्ध्या रस्त्यात बंद पडण्यापेक्षा हळू चालणं बरं. पण हे लोकांना सरळ सांगितलं नव्हतं. बॅटरी बदलली की फोन पुन्हा वेगाने चालतो, हे वापरणाऱ्यांच्याच ध्यानात आलं. मग वेगाच्या चाचण्यांचे आकडे बाहेर आले आणि डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीला कबूल करावं लागलं. माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर उतरवला, आणि मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान आलं. २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला, अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. त्याआधी २०१८ मध्ये इटलीने फोन मंद करणाऱ्या अपडेट्सवरून ॲपल आणि सॅमसंग दोघांनाही दंड केला होता.

म्हणून माझा सल्ला : तुमचा फोन तीन वर्षांहून जुना असेल, तर अपडेटला शिव्या देण्याआधी बॅटरीची तब्येत बघा. ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर बॅटरी बदला. फोन बदलण्याची गरज बहुधा पडणार नाही.

प्रश्न : दर थोड्या दिवसांनी 'सिक्युरिटी पॅच' येतो. त्यात दिसण्यासारखं काही नसतं. मी कित्येक महिने 'नंतर'वर ढकलतोय आणि माझं काहीही अडलेलं नाही. – एक दुकानदार

उत्तर : काही दिसत नाही, हेच त्याचं काम नीट झाल्याचं लक्षण. अँड्रॉइडला हे पॅच नियमित द्यायची सवय लागली ती एका दणक्यामुळे. २०१५ च्या जुलैमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष उजेडात आला. व्हिडिओ वाचणाऱ्या भागातच भोक होतं. नुसता एक मुद्दाम बनवलेला मल्टिमीडिया मेसेज येऊन पडला, तुम्ही तो उघडलाही नाही, तरी फोनमध्ये शिरता येत होतं. पुढच्याच महिन्यात गूगल आणि सॅमसंगने दरमहा पॅच देण्याचं जाहीर केलं. अजूनही सगळ्या कंपन्या सगळ्या मॉडेलना दरमहा देत नाहीत, पण रीत पडली ती तेव्हा.

'अबाउट फोन'मध्ये जाऊन 'सिक्युरिटी पॅच लेव्हल'ची तारीख बघा. ती महिन्याच्या १ तारखेची असेल तर अँड्रॉइडच्या मूळ भागातल्या दुरुस्त्या आल्यात. ५ तारखेची असेल तर कर्नेल (सिस्टिमचा सगळ्यात आतला गाभा) आणि चिपच्या कंपन्यांकडच्याही. पॅच बाहेर पडला की कुठे भोक होतं हे जगजाहीर होतं, आणि मग जो ढकलत बसतो त्याचाच दरवाजा उघडा राहतो. फोनवरून पैशांचे व्यवहार करत असाल, तर हे 'नंतर' आज बंद करा.

प्रश्न : मॅम, मला अपडेटमधून हवं ते कधीच मिळत नाही. माझी यादी : कॉल रेकॉर्डिंग, ॲपला कुलूप, प्रत्येक ॲपला वेगळी भाषा, चिन्हं पडद्यावर कुठेही ठेवता येणं. त्याऐवजी मिळतात नवे इमोजी. तुम्ही कंपनीत असताना तुमची यादी काय होती? – बारावीतला एक विद्यार्थी

उत्तर : तुझी यादी चांगली आहे, आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंच आलेलं आहे. ॲपला वेगळी भाषा आयफोनवर २०१९ मध्ये आली आणि अँड्रॉइडवर २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये. सेटिंग्ज, मग भाषा, मग 'ॲप लँग्वेजेस' असं शोध. नकाशा मराठीत आणि बाकी फोन इंग्रजीत ठेवता येतो, फक्त त्या ॲपने भाषा दिलेली हवी. कुलूप आयओएस १८ मध्ये आलं, २०२४ साली. अँड्रॉइड १५ मध्ये 'प्रायव्हेट स्पेस' नावाचा वेगळा कप्पाच आहे. चिन्हं कुठेही ठेवणं अँड्रॉइडला पहिल्यापासून जमायचं, आयफोनला त्याच आयओएस १८ पर्यंत थांबावं लागलं. एवढ्या साध्या गोष्टीला एवढी वर्षं! पण पहिला आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा त्यात कॉपी-पेस्टसुद्धा नव्हतं. ते २००९ मध्ये आलं, हे सांगितलं की तुझ्या वयाची मुलं माझ्याकडे संशयाने बघतात.

कॉल रेकॉर्डिंगचं घोडं वेगळ्या ठिकाणी अडतं. तंत्र सोपं आहे, कायदा सोपा नाही. काही देशांत बोलणाऱ्या एकाची संमती पुरते, काही ठिकाणी दोघांची लागते. अँड्रॉइडने हळूहळू बाहेरच्या ॲपचे रस्ते बंद केले. मे २०२२ पासून ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे मुळात अपंगांना फोन वापरता यावा म्हणून दिलेली, सोय वापरून कॉल रेकॉर्ड करायलाही प्ले स्टोअरने मनाई केली. आयफोनवर आयओएस १८.१ मध्ये रेकॉर्डिंग आलं, पण सुरू करताच दोघांनाही घोषणा ऐकू येते, आणि ते सगळ्या देशांत मिळतही नाही. चोरून रेकॉर्ड करता यावं असं तुझ्या मनात असेल, तर अपडेटची वाट बघू नकोस.

माझी यादी विचारलीस. ती मी प्रत्येक बैठकीत वाचायचे आणि प्रत्येक बैठकीत ती 'पुढच्या वेळी' म्हणून बाजूला पडायची. पहिली मागणी : काय बदललं ते सरळ लिहा. 'बग फिक्सेस आणि सुधारणा' हे वाक्य मला सगळ्यात जास्त चीड आणतं, कारण कुठला बग, कुणाचा, हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं. दुसरी : सुरक्षेची दुरुस्ती आणि रंगरंगोटी वेगवेगळी द्या. कुलूप बदलून हवंय म्हणून घराच्या भिंती हलवलेल्या कुणी सहन करील का? ॲपलने मे २०२३ मध्ये याची चुणूक दाखवली. आयओएस १६.४.१ वर नुसती सुरक्षेची छोटीशी दुरुस्ती आली, आकाराने लहान आणि नको झाली तर काढताही येणारी. जुलैमधल्या अशाच एका दुरुस्तीनंतर काही वेबसाइट नीट दिसेनात, तर ती काढून टाकण्याची वाट लोकांकडे होती आणि कंपनीने दोनतीन दिवसांत सुधारलेली दिली. बिघडलं, पण परतीचा रस्ता होता. माझी तिसरी मागणी हीच : कुठलंही मोठं अपडेट महिनाभर तरी मागे घेता यावं. ती अजून कुणीच मान्य केलेली नाही.

प्रश्न : अपडेट आवडलं नाही, जुनी आवृत्ती परत टाकता येते का? – बऱ्याच वाचकांनी विचारलंय

उत्तर : बहुतेकांना नाही. आयफोनवर जुनी आवृत्ती टाकायला ॲपलच्या सर्व्हरची मंजुरी लागते आणि नवी आल्यावर थोड्याच दिवसांत ती थांबते. अँड्रॉइडवर काही मॉडेलना जमतं, पण फोन पूर्ण पुसला जातो. काहींमध्ये मागे जाणं मुद्दामच बंद केलेलं असतं, कारण जुन्या आवृत्तीसोबत जुनी भोकंही परत येतात. म्हणून मोठी आवृत्ती आल्या आल्या घेऊ नका. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ आलं आणि नव्याकोऱ्या आयफोन ६ वर नेटवर्क आणि बोटाचा ठसा दोन्ही बंद पडले. तासाभरात ते मागे घेतलं गेलं. पहिला तास टाळला असता तरी पुरे होतं. मी मोठ्या आवृत्तीसाठी महिनाभर थांबते, सुरक्षेच्या पॅचसाठी थांबत नाही.

प्रश्न : नवा फोन घेताना अपडेटविषयी नेमकं काय विचारावं? – एक गृहिणी

उत्तर : 'किती वर्षं?' एवढंच विचारू नका. 'कशाची, आणि कधीपासून मोजून?' हेही विचारा. नव्या आवृत्त्या चार वर्षं आणि सुरक्षेचे पॅच पाच वर्षं, असं वेगवेगळं असू शकतं. आणि ही वर्षं बहुधा मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही विकत घेतलं त्या दिवसापासून नाही. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर ती दोन वर्षं वजा करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी सात वर्षं जाहीर केली, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठीही तेवढीच. पण हे वरच्या थरातले फोन. ॲपल आधी आकडा सांगत नसे, तरी २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षेचं अपडेट मिळालं होतं.

स्वस्त फोनला कमी वर्षं का, याचं एक कारण चिप बनवणारी कंपनी असते. तिने त्या चिपसाठी नवं सॉफ्टवेअर देणं थांबवलं की फोनच्या कंपनीचे हात बांधले जातात. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ ने चिपचा भाग आणि सिस्टिमचा भाग वेगळा केला, त्याने बरंच सुकर झालं. बाकीचं काम कायदा करतोय. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सुरक्षेची अपडेट्स कधीपर्यंत मिळतील ते कंपनीला जाहीर करावं लागतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या मॉडेलना, विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षं अपडेटची सोय बंधनकारक आहे. सगळीकडे असं नाही, म्हणून लेखी आश्वासन कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः वाचा.

प्रश्न : 'तुमच्या फोनला व्हायरस आहे, हे सिक्युरिटी अपडेट ताबडतोब इन्स्टॉल करा' असा मेसेज आणि लिंक आली. वडिलांनी लिंक उघडली. आता? – एक काळजीत पडलेली मुलगी

उत्तर : फोनचं खरं अपडेट मेसेजमधून येत नाही. ते सेटिंग्जमध्ये दिसतं, ॲपचं असेल तर स्टोअरमध्ये. २०२१ मध्ये 'फ्लूबॉट' नावाचा अँड्रॉइडवरचा व्हायरस पार्सलच्या खोट्या मेसेजमधून पसरत होता. लोक सावध झाल्यावर त्याने मेसेज बदलला : 'तुमच्या फोनला फ्लूबॉट झालाय, हे अपडेट टाका.' चोरच 'चोर, चोर' ओरडत होता. २०२२ मध्ये पोलिसांनी त्याची यंत्रणा बंद पाडली, पण युक्ती इतरांनी उचलली.

वडिलांनी नुसती लिंक उघडली असेल आणि पुढे काही दाबलं नसेल, तर ते पान बंद करा. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. काही डाउनलोड होऊन इन्स्टॉल झालं असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पासवर्ड तिथूनच बदला, त्या फोनवरून नाही. मग ॲपच्या यादीत अनोळखी काय आहे ते शोधून काढा. निघत नसेल तर 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस ॲडमिन'मध्ये त्याला दिलेली परवानगी आधी बंद करावी लागते. तरीही हटत नसेल तर फोटो आणि नंबर बाजूला काढून फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा. आणि वडिलांना रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत.